हीटर प्लगला १२ व्होल्ट मिळत असूनही थंडीत गाडी सुरू होत नव्हती: दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २००५ सालची आहे. इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे १४०० सीसीचे, प्री-चेंबर (डिझेल आधी जेथे पेटते ती छोटी पोकळी) असलेल्या जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन असून ते १ लाख ३८ हजार किलोमीटर चालले आहे. अशा इंजिनाला गार सकाळी हीटर प्लगशिवाय, म्हणजे सेल्फ मारण्याआधी आतली हवा तापवणाऱ्या विजेच्या छोट्या कांड्यांशिवाय, चालत नाही. आम्ही निफाड तालुक्यात राहतो आणि राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी हिवाळ्यात बहुधा याच तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येते. त्यामुळे कोकणात जो दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येणार नाही, तो आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उघड होतो. हेच काम घरी करू पाहणाऱ्यांचा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून चुकांसह सर्व नोंदी येथे ठेवत आहे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

ओट्यावरच्या थर्मामीटरवर सकाळी साडेसहाला ९ अंश होते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागला, सात-आठ सेकंदांनी विझला आणि मी सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरले, पण पेटले नाही. चौथ्या प्रयत्नाला ते सुरू झाले तेव्हा अर्धा मिनिट सर्व गाडी थरथरत होती आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. त्या धुराला कच्च्या डिझेलचा वास होता. एकदा इंजिन गरम झाल्यावर मात्र दिवसभरात ते प्रत्येक वेळी अर्ध्या सेल्फला सुरू झाले.

बॅटरी १२.५ व्होल्ट होती आणि सेल्फचा वेग उत्तम होता. पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. म्हणून पंप आणि डिझेलची लाइन तूर्त बाजूला ठेवली. दिवा नेहमीसारखा लागतो आणि विझतो, तेव्हा हीटरची यंत्रणा चालू असावी, असे मी आज गृहीत धरले. हे गृहीतक चुकीचे होते. या गाडीत तो दिवा फक्त टायमर चालल्याचे सांगतो. प्लग तापले की नाही, हे त्याला कळण्याची सोयच नाही.

शेजाऱ्यांनी एअर फिल्टरच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारण्याचा सल्ला दिला, तो मी मानला नाही आणि कोणीही मानू नये. हीटर प्लग लाल झालेला असताना ईथर आत गेले तर ते अवेळी भडकते आणि पिस्टन किंवा त्याच्या रिंगा तुटू शकतात. पेटता बोळा फिल्टरच्या तोंडाशी धरण्याची जी पद्धत गावोगाव दिसते, तीही मी वापरत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

शाळेतून आल्यावर प्लग तपासले. चारही प्लगच्या डोक्यांवरून एक धातूची जोडपट्टी जाते आणि रिलेकडून (प्लगांचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचकडून) आलेली जाड वायर त्या पट्टीला एका टोकाशी जोडलेली असते. ही पट्टी काढल्याशिवाय प्लग मोजण्यात अर्थ नाही, कारण ती जागेवर असेपर्यंत चारही प्लग एकमेकांना समांतर जोडलेले असतात आणि तीन चांगल्या प्लगांच्या आड एक मेलेला प्लग लपून राहतो. पट्टीचे ८ मिमीचे नट सोडवताना एक नट खाली इंजिनाच्या तळपत्र्यात पडला आणि तो शोधण्यात पाऊण तास गेला. बोनेट उघडल्यावर आधी खाली जुने कापड पसरावे, हे तेथे लक्षात आले.

मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक प्लगचे टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मोजले. पहिला ०.९, दुसरा ०.९, तिसरा काहीच नाही, चौथा १.० असे वाचन आले. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दिसत होते, म्हणजे प्लगांचा खरा रोध ०.६ ते ०.७ होता आणि गार प्लगासाठी तो योग्य आहे. तिसरा प्लग आतून तुटलेला होता. दोष सापडला, असे मी ठरवून टाकले आणि सर्वांत मोठी चूक येथे झाली. एक दोष सापडला की दुसरा नसेलच, हे मी मनातल्या मनात पक्के केले आणि पुढच्या तपासण्या केल्या नाहीत.

चार नवीन प्लग प्रत्येकी ४५० रुपयांना, एकूण १८०० रुपयांना घेतले.

१४ आणि १५ डिसेंबर, शनिवार-रविवार

प्लग काढण्याचे काम दोन दिवस चालले आणि त्यात घाई केली नाही, याचे मला समाधान आहे. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावे लागण्याची वेळ येते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री चारही प्लगांच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. रविवारी गाडी ओझरपर्यंत फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच १२ मिमीची लांब गोटी (नळीसारखा पाना) लावली. पहिला आणि चौथा सहज सुटले. तिसरा कुरकुरत आला. दुसरा पाव फेरा फिरून अडकला, तेव्हा त्याला पुढे न ओढता परत आत फिरवला, पुन्हा स्प्रे मारला, पुन्हा पाव फेरा बाहेर, पुन्हा आत, असे तब्बल तासभर करत तो बाहेर काढला. आट्यांमध्ये काळा, डांबरासारखा कडक कार्बन बसला होता.

नवे प्लग बसवण्यापूर्वी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल बंद झाले, आणि बाजूला उभे राहून पुतण्याला दोन सेकंद सेल्फ मारायला सांगितले. चारही भोकांतून कार्बनचा चुरा बाहेर उडाला. ती वायर काढायला विसरले तर भोकांतून डिझेलचा फवारा उडतो, आणि त्या वेळी तोंड बोनेटवर वाकलेले असू नये.

नवे प्लगही बसवण्याआधी बॅटरीवर एकेक करून तपासले. प्लग शिकंज्यात धरून जाड वायरीने पाच-सहा सेकंद जोडला की आधी टोक लाल व्हायला हवे आणि मग लाली वर चढायला हवी. मधला भाग आधी लाल झाला तर तो प्लग परत करावा. चारही प्लग टोकाकडून लाल झाले. ही चाचणी फक्त ११-१२ व्होल्टच्या जुन्या प्लगांसाठी आहे. कॉमन रेल इंजिनांच्या अनेक नव्या गाड्यांत ५ किंवा ७ व्होल्टच्या आसपास चालणारे प्लग असतात आणि त्यांना थेट बॅटरी लावली तर ते तेथेच जळतात; म्हणून प्लगवर छापलेले व्होल्ट वाचल्याशिवाय हे करू नये.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी थर्मामीटरवर ६ अंश होते. गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली, धूर तसाच होता. १८०० रुपये आणि दोन दिवस घालवून एक सेल्फ कमी झाला होता.

संध्याकाळी जोडपट्टीकडे येणारी जाड वायर मोकळी करून तिच्या टोकावर व्होल्टेज मोजले. चावी फिरवली की १२.३ व्होल्ट दिसत होते. म्हणजे पुरवठा ठीक आहे, असा अर्थ मी काढला. मग राहिला तो रिले: तो आवाज करतो, पण आतले संपर्क जळलेले असतील, असे वाटून दुसऱ्या दिवशी ८५० रुपयांचा नवा रिले आणला. गुरुवारी सकाळी काहीही फरक पडला नव्हता. दुकानदाराने विजेचा माल परत घेत नसल्याचे सांगितले, आणि ते त्याने विकतानाही सांगितले होते.

मी जे मोजले ते चूक नव्हते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्ण चुकीचा होता. तपशील पुढच्या नोंदीत आहे.

२२ डिसेंबर, रविवार

शेजारच्या आळीतल्या नानांनी आयुष्यभर ट्रॅक्टरचे वायरिंग केले आहे. त्यांना सर्व सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, वायर मोकळी करून मोजलंत का?" मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ते बारा व्होल्ट काही कामाचे नाहीत. मीटरला नखाएवढा करंट लागतो, तो एका तारेतूनपण येतो. प्लग जोडा, चावी द्या आणि प्लग ओढत असताना मोजा."

दुपारी दोन वाजता हा प्रयोग केला आणि तो वाया गेला, कारण सकाळी गाडी चाललेली असल्याने इंजिन गरम होते आणि टायमरने एका सेकंदात प्लग बंद केले. "काका, दिवा गेला," असे पुतण्या दर वेळी मी पिना टेकवण्याआधीच सांगत होता. म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी पहाटेवर ढकलली. हे काम रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करावे.

२३ डिसेंबर, सोमवार

पहाटे सहाला नाना, पुतण्या आणि मी असे तिघे होतो. सौरपंप बसवणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) आणला होता. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, ते या कामाला चालत नाहीत.

सर्व प्लग जोडलेले ठेवून पुतण्याने चावी दिली. दहा सेकंदांनंतरचे वाचन असे होते: बॅटरीच्या खांबांवर ११.६ व्होल्ट, जोडपट्टी ते ब्लॉक ७.९ व्होल्ट, आणि जाड वायरीतून ३४ अँपिअर. मधल्या रस्त्यात ३.७ व्होल्ट हरवत होते. प्लगात तयार होणारी उष्णता साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ११.६ ऐवजी ७.९ व्होल्ट मिळाले की उष्णता निम्म्याहूनही कमी होते. नवे प्लग कोमट होत होते, लाल होत नव्हते.

३४ अँपिअर या आकड्यापाशी थोडे थांबतो, कारण तो दिशाभूल करणारा आहे. तापलेला एक चांगला प्लग साधारण ११ अँपिअर घेतो, तेव्हा ३४ पाहून कोणीही म्हणेल की तीनच प्लग चालू आहेत आणि चौथा खराब आहे. मीही नव्या प्लगांपैकी एक सदोष निघाला असे म्हणून दुकानात जायला निघालो होतो. नानांनी थांबवले आणि व्होल्टेज दाखवले. जोडपट्टीवर व्होल्टेज पूर्ण असून अँपिअर कमी असतील तर दोष प्लगमध्ये असतो, आणि व्होल्टेजही कमी असेल तर तो वाटेत असतो. दोन्ही आकडे एकाच वेळी घेतल्याशिवाय यातले काहीच ठरवता येत नाही.

मग वाटेचे तुकडे केले. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना पिना लावायच्या आणि चावी द्यायची; दोन चाचण्यांमध्ये एक मिनिट जाऊ द्यायचे, नाहीतर प्लग वारंवार तापून खराब होतात. बॅटरीपासून मोठ्या फ्यूजपर्यंत ०.०५ व्होल्ट गेले. ८० अँपिअरच्या पट्टीच्या फ्यूजच्या दोन टोकांमध्ये ०.९ गेले. फ्यूज ते रिले ०.१, रिलेच्या आत ०.१५, रिलेपासून जोडपट्टीपर्यंतच्या वायरीत २.१ आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत ०.४. बेरीज बरोबर ३.७ आली. जुना रिले पुन्हा लावून पाहिला, त्यात ०.१८ व्होल्ट गेले, म्हणजे तो निर्दोष होता आणि नवा घेण्याचे काही कारण नव्हते.

नानांनी मला जोडपट्टीकडचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) चिमटीत धरायला सांगितले. बाहेर आठ अंशांची थंडी होती, सर्व बोनेट दवाने ओले होते आणि ते एवढेसे थिंबल चहाच्या पेल्यासारखे गरम लागत होते. वरचे काळे आवरण ब्लेडने उभे चिरले तेव्हा आतून हिरवी भुकटी गळाली. वायर वाकवताच तारा एकेक करून तुटल्या. चकचकीत, धडधाकट अशा मोजून अकरा तारा उरल्या होत्या. बाकीच्या काळ्या पडून कुरकुरीत झाल्या होत्या. बाहेरून त्या वायरीवर एक ओरखडाही नव्हता.

असे का झाले असावे, याची दोन कारणे जागेवरच दिसली. वायर धरून ठेवणारी क्लिप नव्हती, त्यामुळे वायरीचे सगळे वजन थिंबलवर लोंबकळत होते आणि इंजिनाच्या प्रत्येक हादऱ्याने ती तेथेच वाकत होती. दुसरे कारण माझे आहे. मी दर दोन महिन्यांनी इंजिन फवारणीच्या पंपाने, जोराच्या पाण्याने धूत असे, आणि ते पाणी आवरणाखाली शिरून तेथेच मुरत राहिले. आता इंजिन ओल्या कापडाने पुसतो.

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी असल्याने वायर बदलली. ६ चौरस मिमीची, उष्णता सहन करणारी सव्वा मीटर वायर, दोन तांब्याची थिंबले आणि आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह ३१० रुपयांना मिळाली. थिंबल मी घरीच पक्कडीने दाबले. मोजल्यावर त्या वायरीत अजूनही ०.७ व्होल्ट जात होते आणि थिंबल कोमट होत होते. पक्कडीने थिंबल चपटे होते, पण तारा आत घट्ट बसत नाहीत. ती दोन्ही टोके कापून टाकली, वायर बॅटरीच्या दुकानात नेली आणि तेथे दाबयंत्रावर १०० रुपयांत नवी थिंबले बसवून घेतली. नंतर ०.१५ व्होल्ट आले. झाळ देऊन काम भागेल, असे एकाने सुचवले होते. पण हादरे बसणाऱ्या जागी झाळ संपते तेथे वायर कडक होऊन तुटते, म्हणून ते टाळले.

वायर एक्झॉस्टपासून दूर, दोन ठिकाणी क्लिपने बांधून नेली आणि शेवटी थोडी सैल ठेवली.

मोठ्या फ्यूजचे प्लास्टिकचे घर एका बाजूने वितळून तपकिरी झाले होते. फ्यूज उडालेला नव्हता, पण त्याचा स्क्रू सैल होता आणि खालची बैठक काळी पडली होती. घर आणि फ्यूज दोन्ही बदलले, २२० रुपये लागले. दुकान उघडेपर्यंत तात्पुरती तांब्याची वायर टाकावी, असा विचार माझ्या मनात आला होता आणि नानांनी तो साफ मोडून काढला. ही वायर थेट बॅटरीवरून येते. ती कोठे घासून बॉडीला टेकली तर मध्ये फ्यूजशिवाय दुसरे काहीच तिला तोडणारे नाही, आणि गाडी पेट घेते.

२९ डिसेंबर, रविवार

अर्थिंगची विणलेली पट्टी १६० रुपयांना नवी आणली. जुनी पट्टी काढून ब्लॉक आणि बॉडी या दोन्ही ठिकाणची जागा काचकागदाने धातू चमकेपर्यंत घासली. बॉडीकडच्या बोल्टखाली रंगाचा थर होता. तो खरवडला, बोल्ट कसला आणि वरून पातळ ग्रीस लावले. ०.४ व्होल्टचे ०.१ झाले.

पहाटेची अंतिम मोजणी: बॅटरी ११.५, जोडपट्टी १०.९, म्हणजे एकूण घट ०.६ व्होल्ट. पहिल्या क्षणी क्लॅम्प मीटर ६० अँपिअरच्या पुढे गेला आणि दहा-बारा सेकंदांत ४४ वर स्थिरावला, म्हणजे चार प्लग आणि प्रत्येकी ११ अँपिअर. थर्मामीटरवर १० अंश होते. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. पुतण्याने सायलेन्सरमागे पांढरा कागद धरला होता, त्यावर काही उमटले नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन आठवड्यांत रोज सकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली आहे. सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंद हलकी थरथर अजून जाणवते. दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासून घ्यायचा आहे, पण त्याचा या कामाशी संबंध नाही.

एकूण खर्च ३७२० रुपये झाला, त्यात स्प्रेचे २८० धरले आहेत. रिलेचे ८५० पूर्णपणे वाया गेले. प्लग एकच मेला होता, परंतु जुने तीन त्याच वयाचे होते आणि अडकलेला प्लग काढण्याचे दिव्य पुन्हा करायचे नव्हते, म्हणून चारही बदलल्याचा मला पश्चात्ताप नाही. मात्र लोड टाकून, म्हणजे प्लग जोडलेले ठेवून, पहिल्याच दिवशी मोजले असते तर हे काम तीन आठवड्यांऐवजी दोन दिवसांत झाले असते. मीटर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता.

बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करने "जोडपट्टी १०.९, अँपिअर ४४, २९/१२/२४" असे लिहून ठेवले आहे. द्राक्षबागेची पुढची ऑक्टोबर छाटणी उरकली की थंडी पडण्याआधी नाना आणि मी पुन्हा हीच दोन वाचने घेणार आहोत.